व्हेप, सिगारेट आणि शंभर यार्ड

मा. पोलीस आयुक्त,
छत्रपती संभाजीनगर शहर



उस्मानपुऱ्यात माझं औषधांचं दुकान आहे. क्रांती चौकातून रेल्वे स्टेशनकडे जाणाऱ्या या पट्ट्यात शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, शासकीय तंत्रनिकेतन आहे, देवगिरी महाविद्यालय आहे. त्यांच्या आजूबाजूच्या गल्ल्यांत बीड, जालना, परभणी, हिंगोलीकडून शिकायला आलेली मुलं-मुली खोल्या करून राहतात. पहिल्यांदा घर सोडलेली, मेसच्या डब्यावर जगणारी ही पोरं. अनेकांच्या घरी अजून कर्ज फिटायचं आहे. त्यांच्या हातात हल्ली दोन गोष्टी सहज येतात. एक टपरीवरची सुट्टी सिगारेट आणि दुसरा ओळखीतून आणलेला व्हेप. यांतलं जास्त घातक कोणतं, हा प्रश्न मला काउंटरवर वरचेवर विचारला जातो. तो आपल्यापर्यंत आणण्याचं कारण असं, की आपल्या खात्याने आधी कशाला हात घालावा हे त्याच्या उत्तरावर ठरायला हवं.

माझी विनंती एका ओळीत सांगायची तर, जिथे जिवाला धोका मोठा तिथे कारवाई मोठी व्हावी. आज कायद्यातल्या शिक्षांचा क्रम आणि धोक्याचा क्रम एकमेकांशी जुळत नाहीत. त्या फटीतून मुलं निसटून जात आहेत.

प्रश्नाचं सरळ उत्तर आधी देतो. सिगारेट आणि व्हेप समोरासमोर ठेवले तर सिगारेट जास्त घातक आहे, आणि फरक थोडाथोडका नाही. हे जाहीरपणे लिहायला आपल्याकडे लोक कचरतात. व्हेपला मोकळीक दिल्यासारखं होईल, अशी भीती वाटते. ती समजण्यासारखी आहे. पण मुलांनी हे मोबाइलवर आधीच वाचलेलं असतं. 'दोन्ही सारखंच विष' असं त्यांना सांगितलं की ती मान डोलावतात आणि पुढचं काही ऐकत नाहीत. त्यांच्या उपयोगाचं जे आहे ते तर या उत्तराच्या पुढेच आहे.

सगळा फरक जळण्याचा आहे. सिगारेटचा झुरका घेताना तिच्या टोकाशी तापमान ९०० अंश सेल्सिअसच्या घरात जातं. तंबाखूचं पान आणि कागद अर्धवट जळतात, त्यातून जो धूर निघतो त्यात सात हजारांवर रसायनं असतात आणि त्यांतली सत्तरच्या आसपास कर्करोगाला कारण ठरणारी आहेत. डांबर फुप्फुसांत साचतं. कार्बन मोनॉक्साइड रक्तातल्या ऑक्सिजनची जागा बळकावतो. बिडीचा धूरही याच जातीचा. पानात गुंडाळलेली आहे म्हणून ती सौम्य ठरत नाही. निकोटिन माणसाला या धुराशी बांधून ठेवतं, आणि श्वासनलिका, हृदय, रक्तवाहिन्या यांची वाट लावतो तो मुख्यतः धूर.

व्हेपमध्ये काही जळत नाही. आत छोटी बॅटरी असते, ती एक बारीक तार तापवते. तारेभोवतीच्या कापसात प्रोपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरिन, निकोटिन आणि वासाची रसायनं यांचं द्रव मुरलेलं असतं, त्याची वाफ होते आणि ती ओढली जाते. डांबर नाही, कार्बन मोनॉक्साइड नगण्य. आजच्या ई-सिगारेटचं मूळ रूप चीनमधल्या होन लिक या औषधनिर्मात्याने २००३ मध्ये तयार केलं. तो स्वतः भरपूर सिगारेट ओढायचा आणि त्याचे वडील फुप्फुसाच्या कर्करोगाने गेले. सिगारेट सुटत नसलेल्या माणसाला धुरापासून वाचवायचं, हा त्यामागचा मूळ हेतू.

ब्रिटनने हा हेतू सरकारी धोरणात घेतला. तिथल्या सार्वजनिक आरोग्य संस्थेने २०१५ मध्ये जाहीर केलं, की व्हेप सिगारेटपेक्षा सुमारे ९५ टक्के कमी हानिकारक आहे. हा आकडा जगभर फिरला आणि आमच्या गल्लीतल्या पोरांच्या तोंडी आजही आहे. त्यामागे प्रामुख्याने काही तज्ज्ञांनी एकत्र बसून केलेला अंदाज होता, म्हणून त्यावर टीकाही बरीच झाली. पुढे २०२२ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या अभ्यासकांनी मोठा आढावा घेतला. धूम्रपानाच्या तुलनेत व्हेपचा धोका नजीकच्या आणि मधल्या काळात खूपच कमी, पण तो शून्य नाही, आणि ज्यांनी कधी सिगारेट ओढली नाही त्यांनी त्याच्या वाटेला जाऊ नये, असा त्याचा निष्कर्ष होता. आपल्याकडे या निष्कर्षाचा पहिला अर्धा भाग तेवढा पोचला.

दुसरा अर्धा भाग का महत्त्वाचा, ते सांगतो. 'सिगारेटपेक्षा कमी' हे माप मुळातच फार सैल आहे. ब्रिटिश डॉक्टरांच्या धूम्रपानावर पन्नास वर्षं नजर ठेवून झालेला अभ्यास २००४ मध्ये छापून आला. आयुष्यभर सिगारेट ओढणारे न ओढणाऱ्यांपेक्षा सरासरी दहा वर्षं आधी जातात, असं त्यात दिसलं. भारतातल्या मृत्यूंवरच्या २००८ च्या मोठ्या अभ्यासात सिगारेट ओढणाऱ्या पुरुषांच्या आयुष्यातली दहाच्या आसपास आणि बिडी ओढणाऱ्यांची सहाच्या आसपास वर्षं कमी झालेली आढळली. दिवसाला चार-पाच ओढणारेही त्यातून सुटले नव्हते. एवढ्या भयंकर वस्तूपेक्षा एखादी गोष्ट कमी घातक असणं, यात सिगारेट न ओढणाऱ्या मुलासाठी दिलासा काय?

माझ्याकडे हा प्रश्न घेऊन आलेल्या दोघांना मी दोन वेगळी उत्तरं दिली. दोन्ही उत्तरं खरी होती.

पहिले एक रिक्षावाले काका. वय पन्नाशीच्या पुढे, तीस वर्षं दिवसाला एक पाकीट. जिना चढताना दम लागतो, पहाटे खोकल्याची उबळ येते. म्हणाले, "भाऊ, पोरगा म्हणतो सिगारेट सोडा आन् व्हेप घ्या. घेऊ का?" त्यांना मी खरं तेच सांगितलं. अभ्यास म्हणतात, सिगारेट सोडवायला व्हेपची मदत होते. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या ८८६ धूम्रपान करणाऱ्यांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. वर्षभरानंतर व्हेप वापरणाऱ्यांपैकी १८ टक्के आणि निकोटिनचे पॅच, गम वगैरे वापरणाऱ्यांपैकी ९.९ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते. नंतरच्या आढाव्यांचाही कल तोच आहे. पण त्याच चाचणीत व्हेपवर सिगारेट सोडलेल्यांतले ८० टक्के लोक वर्ष संपतानाही व्हेप ओढत होते. तिथल्या लोकांना मिळालेलं द्रव तपासलेलं होतं, मात्रा ठाऊक होती, आणि सुरुवातीला दर आठवड्याला समुपदेशक भेटत होता. काकांना इथे जे मिळालं असतं ते चोरट्या वाटेने आलेलं, आत काय आहे हे कुणालाच माहीत नसलेलं. म्हणून त्यांना मी निकोटिनचा २ मिलिग्रॅमचा गम दिला. चॉकलेटसारखा चावत सुटायचं नाही, हळू चघळायचं, जीभ चुणचुणली की गालात धरून ठेवायचं आणि चव गेली की पुन्हा चघळायचं, हे दाखवलं. मग त्यांचंच पाकीट त्यांच्याकडून मागून घेतलं आणि उलटं करून त्यावरचा क्रमांक दाखवला: १८००-११-२३५६. तंबाखू सोडण्यासाठीची ही सरकारी मोफत हेल्पलाइन सिगारेटच्या प्रत्येक पाकिटावर छापलेली असते. काकांनी तो आकडा चष्मा लावून वाचला आणि "इतके दिवस हातात होता की," म्हणाले. ते आता दिवसाला तीन-चारवर आले आहेत. पूर्ण सुटलेली नाही. मी पाठपुरावा सोडलेला नाही.

दुसरी एक आई. मुलगा दहावी होऊन डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाला आलेला, म्हणजे वय सोळा. तिला त्याच्या खोलीत उशीच्या अभ्र्यात एक वस्तू सापडली. रुमालात गुंडाळून तिने ती काउंटरवर ठेवली, सोबत तिचं रिकामं खोकंही होतं. मुलगा मागे खाली मान घालून उभा. "भाऊ, हा म्हणतो पेनड्राइव्हसारखं काहीतरी आहे. वास तर आंब्याचा येतोय."

हायलायटर पेनाएवढी गुळगुळीत, केशरी-हिरव्या रंगाची वस्तू. खाली चार्जिंगचं भोक. खोक्यावर मँगो आइस, सहा हजार पफ, १० मिलि आणि ५ टक्के, एवढंच छापलेलं. मी खोकं चहूबाजूंनी फिरवून पाहिलं. कुणी बनवलं त्याचा पत्ता नाही. बॅच नंबर नाही. बनवल्याची तारीख नाही, मुदत संपल्याची तारीख नाही. साहेब, मी तापाच्या गोळीची एक पट्टी बॅच नंबर आणि मुदत पाहिल्याशिवाय विकू शकत नाही. औषध निरीक्षक आले की पहिला हात त्या नोंदींना घालतात. आणि इथे सोळा वर्षांच्या पोराच्या फुप्फुसात रोज जाणाऱ्या द्रवाचा मायबाप कोण, ते सांगायची सोय नव्हती.

खोक्यावर जे छापलं होतं ते खरं धरून मी त्या माउलीसमोर हिशेब मांडला. ५ टक्के म्हणजे एका मिलिलिटरमध्ये ५० मिलिग्रॅम निकोटिन. १० मिलिलिटरमध्ये ५०० मिलिग्रॅम. एका सिगारेटमधून ओढणाऱ्याच्या अंगात साधारण एक ते दीड मिलिग्रॅम निकोटिन जातं. व्हेपमधलं निम्मंच अंगात गेलं असं धरलं, तरी त्या एका नळीत साधारण १६५ ते २५० सिगारेटींएवढं निकोटिन भरलेलं होतं. आता ब्रिटनकडे पाहू, कारण ९५ टक्क्यांचा दाखला तिथून येतो. ब्रिटनच्या कायद्यात अशा नळीत जास्तीत जास्त २ मिलिलिटर द्रव आणि दर मिलिलिटरला २० मिलिग्रॅम निकोटिन चालतं, म्हणजे एकूण ४० मिलिग्रॅम. उस्मानपुऱ्यातल्या पोराच्या उशीतल्या नळीत त्याच्या बारापटीहून जास्त होतं. तिथल्या संशोधनाचा दाखला या वस्तूला लावणं म्हणजे एका औषधाच्या चाचणीवर दुसरंच औषध विकणं. एवढं करूनही ब्रिटनने १ जून २०२५ पासून वापरून फेकायच्या व्हेपची विक्री बंद केली, कारण तिथलीही मुलं त्याच्या नादी लागली होती.

मुलगा तेवढ्यात हळूच म्हणाला, "काका, पण सिगारेट तर नाही ना ओढत मी. हे त्याच्यापेक्षा कमीच आहे ना?"

कमी आहे, हे मी त्याला नाकारलं नाही. मी त्याला विचारलं, की तुझी तुलना सिगारेटशी कशाला? तू तर सिगारेट ओढतच नव्हतास. तुझी तुलना दोन महिन्यांपूर्वीच्या तुझ्याशीच आहे. तेव्हा तासाला बसल्यावर हात शिवशिवत होते का? रात्री झोपमोड व्हायची का? त्याने उत्तर दिलं नाही. त्याची आई म्हणाली, "फोनवर नुसता खेकसतो हल्ली." निकोटिनची तलफ अशीच असते. मेंदूची घडण पंचविशीपर्यंत चालू असते आणि निकोटिन त्या घडणीतच शिरतं, लक्ष लागण्यावर आणि मनाच्या तोलावर परिणाम करतं. लहान वयात लागलेली तलफ सोडवणं मोठेपणी लागलेल्या तलफेपेक्षा अवघड जातं.

शिवाय सिगारेटला काही अडसर तरी असतात. पहिला झुरका घशाला लागतो, कपड्यांना वास येतो, ती संपते, दुसरी पेटवायला बाहेर जावं लागतं. व्हेपने हे सगळे अडसर काढून टाकले. निकोटिनमध्ये बेंझोइक आम्ल मिसळून त्याचा क्षार केला की ते घशाला झोंबत नाही, म्हणून जास्त मात्रा बिनबोभाट आत जाते. अमेरिकेत २०१५ मध्ये बाजारात आलेल्या जूल या व्हेपमध्ये ही युक्ती वापरली होती. चार वर्षांत, २०१९ च्या सरकारी पाहणीत, तिथल्या नववी ते बारावीच्या मुलांपैकी २७.५ टक्के मुलं व्हेप ओढत असल्याचं आढळलं. पांघरुणात, बाथरूममध्ये, वर्गातल्या शेवटच्या बाकावरही ते ओढता येतं. घरच्यांना आंब्याचा वास आला तरी शंका येत नाही.

वाफेतही निव्वळ पाणी नसतं. तार जास्त तापली की फॉर्माल्डिहाइड आणि अ‍ॅक्रोलिन तयार होतात, सिगारेटपेक्षा कमी पण तयार होतात. तारेतून निकेल, क्रोमियम, शिसं यांचे अंश वाफेत उतरतात. नाडीचा वेग आणि रक्तदाब वाढतो, श्वासनलिकांना सूज येते, दमा असलेल्या पोराचा दमा बळावतो. वीस-तीस वर्षांनी काय होईल, याचा अनुभव जमायला अजून वेळच झालेला नाही. सिगारेटने फुप्फुसाचा कर्करोग होतो हे ठामपणे सिद्ध व्हायला १९५० साल उजाडलं, आणि तोवर ती घराघरांत पोचून कित्येक दशकं झाली होती.

बेनामी मालाचं काय होतं, ते मात्र एकदा दिसून गेलं आहे. २०१९ च्या उन्हाळ्यापासून अमेरिकेत धडधाकट तरुण अचानक धाप लागून अतिदक्षता विभागात येऊ लागले. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ जण रुग्णालयात दाखल झाले, ६८ दगावले. बहुतेकांनी गांजाच्या अर्काचे व्हेप ओढले होते, आणि ते मित्रांकडून किंवा रस्त्यावरच्या विक्रेत्यांकडून घेतले होते. तपासलेल्या ५१ रुग्णांपैकी ४८ जणांच्या फुप्फुसांतल्या द्रवात 'ई' जीवनसत्त्वाचं तेलकट रूप सापडलं. माल घट्ट दिसावा म्हणून कुणीतरी ते मिसळलं होतं. आमच्या पोरांपर्यंत व्हेप ज्या वाटेने येतो तीही हीच, मित्राच्या मित्राची वाट. आज त्यात निकोटिन आहे. उद्या काय असेल ते पोराला कळणार नाही आणि मलाही. या शहराने नशेसाठी घेतल्या जाणाऱ्या 'बटन' गोळ्यांचं लोण पाहिलेलं आहे, म्हणून ही काळजी मला कल्पनेतली वाटत नाही.

आता कायद्याकडे येतो. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ रोजी अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी घातली, डिसेंबरमध्ये त्याचा कायदा झाला. बनवणं, आणणं, विकणं, जाहिरात करणं याला पहिल्या गुन्ह्यात एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा बाळगला तरी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड. ओढणाऱ्याला मात्र या कायद्यात शिक्षा नाही, आणि ते योग्यच आहे.

दुसरीकडे २००३ चा तंबाखू नियंत्रण कायदा. अठरा वर्षांखालच्या मुलाला सिगारेट विकायची नाही, शिक्षणसंस्थेच्या शंभर यार्डांच्या आत तंबाखूचं काही विकायचं नाही. मोडलं तर दंड किती? दोनशे रुपयांपर्यंत. ज्या वस्तूने दहा वर्षांचं आयुष्य कमी होतं ती महाविद्यालयाच्या दाराशी विकण्याची किंमत दोनशे रुपये, आणि तिच्यापेक्षा कमी घातक वस्तूला लाखाचा दंड. हे संसदेने ठरवलं आहे, आपण नाही, हे मला कळतं. व्हेपवरची बंदी उठवा असंही मी म्हणत नाही. वर सांगितलेल्या नळीचा हिशेब केल्यावर मला तसं म्हणवत नाही. पण या तफावतीचा अर्थ पोरं लावतात, तो फार वाईट आहे. 'व्हेपला जेल आहे, सिगारेट तर समोरच मिळते, म्हणजे सिगारेट बरी.' एका तरुणाने मला हे अगदी या शब्दांत ऐकवलं, आणि व्हेप महाग पडतो म्हणून तो सिगारेटवर आला होता. बंदीने त्याला कमी धोक्याकडून जास्त धोक्याकडे ढकललं, कारण बंदीच्या शेजारी टपरी उघडी होती.

टपरीवर सुट्टी सिगारेट मिळते, हे तर सगळ्यांना दिसतं. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सुट्ट्या सिगारेट-बिडीच्या विक्रीवर बंदी घातली.  कारण साधं होतं. पूर्ण पाकिटाचे पैसे विद्यार्थ्याच्या खिशात नसतात, एका सिगारेटचे असतात. आणि सुट्ट्या सिगारेटवर ना सडलेल्या जबड्याचं चित्र असतं, ना तो हेल्पलाइनचा क्रमांक. दोरीला टांगलेला लायटर आणि उघडं पाकीट, एवढ्यावर ही बंदी रोज मोडली जाते.

गुटख्याविषयी दोनच वाक्यं लिहितो, कारण तो या पत्राचा विषय नसला तरी त्याला वगळून हे पत्र प्रामाणिक राहणार नाही. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीनुसार महाराष्ट्रातले ३.८ टक्के प्रौढ धूम्रपान करतात आणि २४.४ टक्के तंबाखू खातात किंवा मशेरीसारखी लावतात. गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, आणि आमखास मैदानाजवळच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात तोंडाच्या गाठी घेऊन येणारे लोक मराठवाड्याच्या कानाकोपऱ्यातून येतात.

तर माझं मागणं असं आहे. उस्मानपुऱ्यातल्या प्रत्येक शिक्षणसंस्थेभोवतीचे शंभर यार्ड एकदा प्रत्यक्ष मोजून घ्यावेत. शंभर यार्ड म्हणजे सुमारे ९१ मीटर, आणि नियमाप्रमाणे ते कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून सगळ्या बाजूंनी मोजायचे असतात. रस्त्यावर पिवळ्या रंगाने पट्टा आखावा, म्हणजे वादाला जागा राहणार नाही. टपरीवाले आमचेच लोक आहेत, बहुतेकांचं पोट त्या टपरीवर आहे. त्यांना आधी लेखी समज द्यावी, चहा-पोहे-झेरॉक्स काय हवं ते विकू द्यावं, फक्त तंबाखू पट्ट्याबाहेर जाऊ द्यावी. समज देऊनही अल्पवयीन मुलाला सिगारेट विकणारा सापडला, तर दोनशे रुपयांवर थांबायची गरज नाही. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ७७ मध्ये मुलाला तंबाखूजन्य पदार्थ देणाऱ्यास सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंडाची तरतूद आहे. डिप्लोमाच्या पहिल्या वर्षाची बहुतेक मुलं अठराच्या आतली असतात, हे टपरीवाल्यांना पोलिसांकडून एकदा कळलं तर पुष्कळ फरक पडेल.

व्हेपच्या बाबतीत पुरवणाऱ्यापर्यंत जावं. ई-सिगारेट कायद्याने उपनिरीक्षक आणि त्यावरच्या अधिकाऱ्यांना झडतीचे अधिकार दिलेले आहेत. पण पोराच्या हातात नळी दिसली म्हणून त्याला ठाण्यात बसवू नये, त्याचा फोटो कुठे जाऊ देऊ नये. त्या आईने मला सगळ्यात आधी विचारलं होतं, "पोलिसांत द्यावं लागेल का हे?" आणि ती घाबरून ती वस्तू पुन्हा पिशवीत घालायला लागली होती. अशा आयांसाठी उस्मानपुरा पोलीस ठाण्याच्या दाराशी एक बंद पेटी ठेवता येईल. व्हेप त्यात टाकावा, नाव कुणी विचारणार नाही. आणलेल्या खोक्यांवरून कोणता माल शहरात येतोय, तेही खात्याला आयतं कळेल. (आत लिथियमची बॅटरी असते, ती घंटागाडीत गेली तर आग लागू शकते, त्यामुळे घरच्या घरी फेकून देणंही धोक्याचं आहे.)

आणि आपले अधिकारी महाविद्यालयांत व्यसनमुक्तीवर बोलायला जातात, तेव्हा त्यांनी खरा क्रम सांगावा. सिगारेट-बिडी सगळ्यात वाईट. जो ओढतो त्याने ती कशीही करून सोडावी, त्यासाठी गम आहे, डॉक्टर आहेत, मोफत हेल्पलाइन आहे. जो काहीच ओढत नाही त्याच्यासाठी व्हेप हे नव्याने गळ्यात घालून घेतलेलं व्यसन आहे. जो दोन्ही ओढतो त्याने काहीच कमावलेलं नाही, कारण धूर चालूच आहे. एवढं मोकळेपणाने सांगितलं तर पोरं ऐकतात. त्या डिप्लोमाच्या मुलाने माझं ऐकून घेतलं. नळी त्याने आईच्या हातून घेऊन माझ्यापुढे ठेवली आणि "कुठे टाकायची?" एवढंच विचारलं. मला त्याला पत्ता सांगता आला नाही.

आयुक्तसाहेब, नवीन शैक्षणिक वर्षात नव्या पोरांनी खोल्या घ्यायच्या आत ही मोजणी व्हावी. टेपचं दुसरं टोक धरायला माणूस कमी पडला तर मला निरोप द्या. दुकान तासभर बंद ठेवून मी येईन.

आपला नम्र,
उस्मानपुऱ्यातील एक औषधविक्रेता